गच्चीवरचा अँटेना आणि जिन्यातली केबल
(रौप्यमहोत्सवी संमेलनातील भाषण)



माझ्या अँटेनामुळे टीव्हीवरचं चित्र नाचतं, तो काढावा, असा अर्ज २००० सालच्या सभेत आला होता. अकरा सह्या होत्या. त्यातली एक आमच्या सौं.ची!

मी हॅम, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणारा. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा आमचा एक पट्टा. आता गंमत ऐका. केबलवरच्या एस-६ चॅनेलचं चित्र १४०.२५ वर आणि आवाज १४५.७५ वर, म्हणजे नेमका आमच्या अंगणात. तारेभोवतीची जाळी शाबूत असेल तर तो आतच राहतो. जाळी तुटली, पिन ढिली झाली की बाहेर सांडतो. माझ्या सेटवर रोज संध्याकाळी मालिकेतल्या सासूबाई फाटक्या आवाजात बोलायच्या. आणि जिथून त्या बाहेर येत, तिथूनच माझ्या लहरी आत शिरून तुमचं चित्र नाचवत. सभेत हे मी नीट समजावलं नाही, नुसता चिडलो. कबूल करतो.

मग २६ जानेवारी २००१ उजाडला. भुजचा भूकंप. फोन बंद, तिथून हॅम मंडळी निरोप धाडत होती. शहरातला एक मित्र ते शॉर्टवेव्हवर ऐकून आम्हाला या पट्ट्यावर नावं सांगायचा. बी विंगमधल्या एका गृहस्थांची मुलगी तिकडे दिलेली. ते माझ्या शेजारी कान देऊन बसलेले, आणि नावांच्या जागी सासूबाई! अर्जावर पहिली सही त्यांचीच होती. म्हणाले, "चला, हे कुठून येतंय ते शोधू."

रात्री हातातला सेट घेऊन आम्ही दोघे जिना उतरलो. आवाज वाढत वाढत दुसऱ्या मजल्यावर थांबला. बंद फ्लॅटचं कनेक्शन कापून तार तशीच लोंबत सोडलेली, शेजारी अँप्लिफायरचं झाकण उघडं. सकाळी केबलवाल्या मुलाने नव्या पिना बसवल्या, उघड्या तोंडाला ७५ ओहमची टोपी लावली. वीस मिनिटांचं काम. दुपारी नाव आलं. मुलगी सुखरूप होती.

अर्ज मात्र कोणी मागे घेतला नाही, फाईलमध्ये असेल अजून.

हल्ली केबल डिजिटल झाली. आता गळती झाली तर सासूबाई ऐकू येत नाहीत, नुसती खरखर येते, म्हणून ती ओळखू येत नाही एवढंच. विमानांचं बोलणंसुद्धा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर, केबलच्याच शेजारात चालतं. परवा रंगकामानंतर सी विंगच्या जिन्यात दोन तारा उघड्या लोंबताना दिसल्या. सेक्रेटरीसाहेब, तेवढ्या उद्या बघून घ्या.