अंत्युखियातला पंक्तिभेद



ख्रिस्ती लेखकांच्या या मेळाव्यात आपण मला अध्यक्षपदाच्या खुर्चीवर बसवलंत, त्याबद्दल मी आपली ऋणी आहे. ऋण फेडण्याचा मला एकच मार्ग ठाऊक आहे, तो म्हणजे खरं बोलणं. आजचं भाषण काहींना आवडणार नाही, तरी ते शेवटपर्यंत ऐकावं.

पहिल्या शतकात अंत्युखियाच्या मंडळीत एक भांडण झालं. पेत्र तिथे परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसत होता. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली आणि पेत्र त्या पंगतीतून उठला. लोक काय म्हणतील, याची त्याला भीती वाटली. त्याचं पाहून बर्णबाही उठला. तेव्हा पौलानं पेत्राला सर्वांदेखत तोंडावर जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे सगळं आहे. हा अध्याय आपल्याकडे वाचला जातो, पण त्यावर प्रवचन मी क्वचितच ऐकलं आहे.

पेत्राचा सिद्धांत चुकला नव्हता. देव पक्षपाती नाही, हे त्यानं कर्नेल्याच्या घरी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. त्याला विश्वासाची कलमं विचारली असती, तर एकही चुकली नसती. चूक झाली ती जेवताना. आणि पौल तिला शिष्टाचारातली किरकोळ चूक मानायला तयार नव्हता. हे वागणं सुवार्तेच्या सत्याला धरून नाही, असा त्याचा स्पष्ट आरोप होता. म्हणजे ज्याची पंगत खोटी, त्याचं देवाविषयीचं ज्ञानही खोटं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढे बोलणार आहे ते आपल्या पंगतीविषयी.

आपल्यापैकी किती घरांत सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण?' हा प्रश्न विचारला जात नाही? चार-चार पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा झाला, नावं बदलली, आडनावं बदलली. प्रश्न बदलला नाही. ख्रिस्ती वधू-वर सूचीत पूर्वाश्रमीची जात कधी उघड, कधी आडवळणानं छापली जाते. रविवारी एका प्याल्यातून द्राक्षारस घेणारी दोन कुटुंबं सोमवारी एकमेकांच्या घरात मुलगी द्यायला तयार नसतात. वडवळ काय, कुपारी काय, कोळी काय, नगरकडचे महार-मांग समाजातून आलेले काय, सगळ्यांचा पिता एक असल्याचं आपण दर रविवारी मोठ्यानं म्हणतो.

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं गेलं. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्धच्या लढ्यात मी आहे. पण या लढ्यात आपण सरकारला काय सांगतो? धर्म बदलला तरी जात सुटली नाही, हे सांगतो. आणि वेदीवरून काय सांगतो? ख्रिस्तात जात उरली नाही, हे सांगतो. पहिलं विधान खरं आहे याचे पुरावे आपणच आपल्या बाकांवर, आपल्या दफनभूमीत आणि आपल्या लग्नमांडवात रोज गोळा करतो आहोत. दुसरं विधान खरं करायचं काम कोणत्याही सरकारचं नाही. ते आपलं आहे आणि आपण ते टाळलं आहे.

लक्ष्मीबाई टिळकांनी ते टाळलं नाही. १८९५ साली पती नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्या दुःखानं मोडून गेल्या होत्या. पुढे नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही सोवळं-ओवळं त्यांनी सोडलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःशी विचार केला. जात माणसानं केली की देवानं, या प्रश्नाला त्या एकट्या भिडल्या, आणि उत्तर मिळाल्यावर वेगळी चूल त्यांनी मोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. क्रम लक्षात घ्या. आधी सोवळं गेलं, मग बाप्तिस्म्याचं पाणी आलं. आपण त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचा उल्लेख अभिमानानं करतो, शाळेच्या पुस्तकात त्यातला धडा आला की आनंदतो. मात्र त्या बाईनं जे केलं, ते करायला आपली तयारी नाही.

टिळकांचंही आपण असंच केलं. त्यांची भजनं गायली आणि त्यांचा शेवटचा निर्णय विसरलो. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे यावेत, ही त्यांची कल्पना होती. तुकारामाच्या वाटेनं आपण ख्रिस्तापाशी आलो, हे ते उघडपणे सांगत. दोनच वर्षांत ते गेले. त्यांची ही कल्पना आज एखाद्या तरुणानं मांडली, तर आपली किती मंडळं त्याला व्यासपीठ देतील? मला उत्तर माहीत आहे आणि ते लज्जास्पद आहे.

आता दुसरं भांडण, आणि हे मला जास्त जिव्हारी लागलेलं आहे. देव म्हणजे मोठा साहेब, प्रार्थना म्हणजे अर्ज आणि दशांश म्हणजे अर्जाची फी, अशी शिकवण मैदानामैदानांवरच्या आरोग्य सभांमधून दिली जाते. नोकरी लागली, गाठ विरघळली, व्हिसा मिळाला, अशा साक्षी होतात. ज्यांची गाठ विरघळली नाही, त्यांना माइक कोणी देत नाही. माझ्या माहितीतल्या एका आईचं लेकरू तापानं गेलं. मातीवरून परतताना एका उपदेशकानं तिला ऐकवलं, तुमचा विश्वास कमी पडला. त्या माणसाला मी विचारते: गेथशेमाने बागेत ख्रिस्तानं प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. त्याचाही विश्वास कमी पडला का? जो देव क्रूसावर मरणाऱ्याच्या बाजूला उभा आहे, तोच आमचा देव. दुःखी माणसाला दोषी ठरवणारा देव शुभवर्तमानात कुठेही सापडत नाही. तो आम्ही घडवलेला आहे, आणि मूर्तिपूजेविरुद्ध एवढं बोलणाऱ्यांनी हे तरी ओळखायला हवं होतं.

पंडिता रमाबाईंनी ते ओळखलं असतं. इंग्लंडात १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ही बाई गप्प बसली नाही. ज्या धर्मभगिनींच्या आश्रयाला ती राहत होती, त्यांच्याशी तिनं पत्रांतून वाद घातला. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणा बिशपच्या हवाली करायला तिनं साफ नकार दिला. शंका विचारणारा मुलगा दिसला की आपण त्याच्यासाठी प्रार्थना ठेवतो. रमाबाईंची श्रद्धा मात्र शंकांशी झुंजूनच खंबीर झाली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं वाळलेल्या शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. केडगावला त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला, आणि तो बायकांनी चालवला. कमी शिकलेल्या बाईलाही शास्त्र स्वतः वाचता यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं भाषांतर केलं. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. देवावरचं प्रेम म्हणजे काय, याचा हिशेब हा असा विहिरी, छापखाना आणि जगलेली माणसं यांत मांडता यायला हवा. आपल्या किती विश्वस्त मंडळांना गेल्या वर्षीचा हिशेब मंडळीसमोर वाचून दाखवता येईल? मिशनच्या जमिनींवरून कोर्टात उभे राहणारे दोन्ही पक्ष जेव्हा आपलेच असतात, तेव्हा शेजारचा हिंदू आपल्याकडून ख्रिस्ताविषयी काय शिकत असेल?

मला सांगण्यात आलं, की बाहेरून हल्ले होत असताना घरातलं उघड्यावर मांडू नका. हल्ले खरे आहेत. २०२० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या निवडीला केवळ ते ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून विरोध झाला. तरी महाराष्ट्र त्यांच्या बाजूनं उभा राहिला. का? कारण वसईचं पाणी आणि हिरवी जमीन राखण्यासाठी हा माणूस सर्वांसोबत रस्त्यावर उतरला होता, गुंडशाहीविरुद्ध बोलला होता. त्यांची श्रद्धा लोकांनी पाहिली होती. गप्प बसल्यानं आपलं रक्षण होणार नाही.

लेखकांना एकच विचारते. बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिलं, ते विधवांच्या दुःखावर. आपण आज काय लिहितो? नाताळ अंकातली गीतं, दिवंगत पाळकांची गौरवचरित्रं, उपदेशाच्या कथा. आपल्या बाकांवरची जात, आपल्या घरात मार खाणारी बाई, विश्वास हरवलेला पाळक आणि त्याची एकटी रात्र, हे कोण लिहिणार? शुभवर्तमानांनी पेत्राचा नकार लपवला नाही. ते लिहिणाऱ्यांपेक्षा आपण जास्त भक्तिमान आहोत का?

आज संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः एक ठराव मांडणार आहे. इथे आलेल्या कोणत्याही ख्रिस्ती नियतकालिकानं यापुढे जातीचा किंवा पूर्वाश्रमीच्या जातीचा उल्लेख असलेली विवाहविषयक जाहिरात छापू नये. मतदान हात वर करून होईल. संपादकांनी, पाळकांनी आणि विशेषतः आई-बापांनी त्या वेळी सभागृहात हजर राहावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.