चूक नवख्याची की शिडीची?

(नागपूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात ‘साखळी विक्री आणि बेकार तरुण’ या विषयावर केलेल्या भाषणाचा लेखरूप गोषवारा.)

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. कापसाचा भाव, कंत्राटी कामगार, खाजगीकरण हे प्रश्न आ वासून उभे असताना नेटवर्क मार्केटिंगमध्ये नवख्यांनी कोणत्या चुका टाळाव्यात याची चर्चा पक्षाच्या व्यासपीठावर कशासाठी, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. त्यांना मी एवढेच विचारीन की, गेल्या काही वर्षांत आपल्या वस्तीशाखांतून जी तरुण मुले गळाली, ती गेली कोठे? काही नोकरीसाठी पुण्याला गेली, काही संसारात अडकली. परंतु काही मुले अशीही आहेत की जी आजही आपल्याला भेटतात, मात्र पत्रक मागायला येत नाहीत. टाय लावून येतात आणि म्हणतात, “भाऊ, जास्त नाही, फक्त अर्धा तास द्या. एकदा प्लॅन तर पाहून घ्या.”

अशाच एका मुलाची हकीकत मला ठाऊक आहे. पूर्व नागपुरातल्या एका वस्तीत तो आपल्या अभ्यासमंडळात येत असे. वाचणारा, बोलका, दहा घरांत ज्याला जेवायचा आग्रह होतो असा. त्याने एका कंपनीत ‘आयडी लावली’. दोन वर्षांनी मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा पलंगाखाली न खपलेल्या डब्यांची चळत होती आणि आईच्या बांगड्या सराफाकडे गहाण पडल्या होत्या. मला सर्वांत जास्त बोचले ते त्याचे एक वाक्य. तो म्हणाला, “काका, प्लॅन चांगलाच होता, मीच कमी पडलो.”

साथींनो, आजचे माझे सारे म्हणणे या एका वाक्याभोवती आहे. या धंद्याच्या सभांमधून नवख्यांच्या चुकांची एक ठरीव यादी सांगितली जाते. तू नावांची यादी पुरेशी मोठी केली नाहीस, तू वरच्या माणसाचे ऐकले नाहीस, तू नकारात्मक लोकांत वावरलास, तू लवकर सोडून दिलेस. या यादीतल्या प्रत्येक चुकीचा धनी सामील झालेला माणूस असतो, योजना कधीच नसते. जो हरला तो आळशी म्हणून हरला, हे तत्त्वज्ञान भांडवलशाहीने बेकाराला आणि कर्जबाजारी शेतकऱ्याला पूर्वीपासून ऐकवले आहे. येथे तेच तत्त्वज्ञान तिकीट लावून शिकवले जाते आणि हरलेला माणूस ते स्वतःच्या तोंडाने म्हणू लागतो.

तेव्हा आधी हिशेब पाहू. “फक्त सहा माणसे जोडा, ते प्रत्येकी सहा जोडतील,” असे फळ्यावर काढून दाखवतात. आपणही तोच फळा घेऊ. पहिल्या पायरीवर ६ माणसे, दुसऱ्या पायरीवर ३६, तिसऱ्या पायरीवर २१६. पाचव्या पायरीवर ७,७७६ होतात. आठव्या पायरीपर्यंतची बेरीज २० लाख १५ हजारांवर जाते. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख ५ हजार ६६५ होती, आणि तीत पाळण्यातली मुले व अंथरुणाला खिळलेले म्हातारेही मोजलेले आहेत. नवव्या पायरीला एकट्या १ कोटी ७७ हजारांहून अधिक माणसे लागतात, म्हणजे अशी चार नागपुरे. शिडी नवव्या पायरीआधीच मोडणार, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. शिडी कोठेही थांबवा, तिसऱ्या पायरीवर थांबवा की सहाव्या, शेवटच्या पायरीवर नेहमी सहांतली जवळजवळ पाच माणसे उभी असतात. त्यांच्याखाली कोणीच नसते. शेवटच्या दोन पायऱ्या एकत्र धरल्या तर छत्तिसांतली जवळजवळ पस्तीस माणसे त्यांत येतात. सर्वजण सारखेच कष्टाळू, सारखेच जिद्दी आणि सारखेच सकारात्मक असले तरी हे प्रमाण बदलत नाही. मग त्या मुलाची चूक कोणती? तो कमी पडला नाही. त्याने कितीही धडपड केली असती, तरी कोणीतरी पस्तीस जण त्या जागी असायलाच हवे होते, कारण वरच्यांचा पैसा त्यांच्याच खिशातून येतो.

आता प्रश्न असा की आपल्या शहरातली शिकली-सवरलेली मुले या फळ्यासमोर का बसतात? त्यांना मूर्ख ठरवून आपली सुटका होणार नाही. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने या शहरातल्या कित्येक पिढ्यांना पगार, भोंगा आणि युनियन दिली. ती मिल बंद पडली आणि आज त्या जागेवर मॉल उभा आहे. पुढे मिहानच्या नोकऱ्यांची आश्वासने ऐकत एक पिढी मोठी झाली. पदवी हातात आहे, स्पर्धा परीक्षेचे वय उलटत चालले आहे, घरी बहिणीचे लग्न ठरायचे आहे, अशा मुलाला कोणीतरी प्रथमच ‘सर’ म्हणून हाक मारते, खुर्ची देते, टाळ्या वाजवते. आपण त्याला सतरंज्या अंथरायला सांगितले आणि त्यांनी त्याला स्वप्न दिले. हे स्वप्न खोटे आहे, पण त्याची भूक खरी आहे, हे आपण विसरता कामा नये.

आणि कंपनीला त्या मुलाकडून हवे असते ते काय? त्याच्यापाशी भांडवल नसते, दुकान नसते. त्याच्यापाशी असतात माणसे. मामा, मावशी, शेजारच्या वहिनी, शाळासोबती, चळवळीतले साथी. त्यांचा त्याच्यावरचा विश्वास हाच या धंद्याचा कच्चा माल होय. कारखान्यात मजुराचे श्रम विकत घेतले जातात, येथे त्याची नाती खर्ची पडतात. म्हणूनच ज्याला दहा घरांत मान आहे असा कार्यकर्ता, शिक्षक, बचत गटाची अध्यक्ष ताई यांच्याकडे या मंडळींचा डोळा असतो. नागपूरकरांना याचे वेगळे उदाहरण नको. २०१३ साली ‘श्रीसूर्या’ आणि २०१४ साली ‘वासनकर’ या प्रकरणांत गुन्हे दाखल झाले. त्या ठेवींच्या योजना होत्या, साखळी विक्री नव्हे. पण तेथेही ओळखीच्या माणसाच्या शब्दावर आयुष्यभराची पुंजी देणारे पेन्शनर आपण पाहिले. २०११ साली ‘स्पीक एशिया’ने ११ हजार रुपये वर्गणी घेऊन घरबसल्या सर्वेक्षणाचे पैसे देऊ केले. जानेवारी २०२५ मध्ये दादरला ‘टोरेस’च्या दुकानासमोर हजारोंची गर्दी आक्रोश करीत उभी राहिली. माल बदलतो, मांडणी बदलते, पण विश्वासाची लूट तीच राहते. राज्यसत्ताही यातून वाचत नाही. साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर ‘मुक्त बाजारा’त उतरलेल्या अल्बानियात १९९७ साली अशा योजना बुडाल्या, तेव्हा देशभर दंगली उसळल्या आणि सुमारे दोन हजार माणसे प्राणास मुकली.

कायदा नव्हता काय? होता आणि आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज अभ्यासगटाने १९७५ साली बक्षीस चिट योजनांवर बंदीची शिफारस केली आणि जनता राजवटीत, १९७८ साली, बक्षीस चिट व पैसा-फिरवणूक योजना बंदी कायदा संसदेने केला. सभासद नोंदवण्यावर अवलंबून असलेली झटपट पैशाची योजना त्याने बेकायदा ठरवली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २००७ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ॲमवेची योजना या कायद्याच्या कक्षेत येते असे मत दिले. २०२२ साली सक्तवसुली संचालनालयाने त्याच कंपनीची ७५७ कोटी रुपयांची मालमत्ता पिरॅमिड पद्धतीचा आरोप ठेवून तात्पुरती जप्त केली. कंपनीने आरोप नाकारले आहेत. याउलट अमेरिकेत, १९७९ साली, तेथील व्यापार आयोगाने त्याच कंपनीला पिरॅमिड मानले नाही. विक्रेत्याने माल खरोखर ग्राहकांना विकावा आणि न खपलेला माल परत घेतला जावा, असे तिचे नियम असल्याचे कारण त्याने दिले. मात्र कमाईची अतिशयोक्त जाहिरात करण्यास मनाई केली.

या दोन निर्णयांतून एक कसोटी आपल्या हाती येते, आणि आता मी माझी यादी सांगतो. नवख्याने टाळावयाच्या चुका खरोखरच आहेत, फक्त त्या सभेत सांगितल्या जात नाहीत.

पहिली चूक, पैसा कोठून येतो हे न विचारणे. ज्याचा या योजनेशी काही संबंध नाही असा शेजारी ही साबणवडी याच किमतीला दुकानातून घेईल काय? घेईल, तर ती विक्री आहे. माल फक्त सभासदच सभासद राहण्यासाठी घेत असतील, तर तो माल नसून प्रवेशाचे तिकीट आहे.

दुसरी चूक, आधी पैसे भरणे. केंद्र सरकारची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि डिसेंबर २०२१ चे थेट विक्रीचे नियम यांचा रोख स्पष्ट आहे. सामील होण्यासाठी शुल्क नको, खपेल त्याहून अधिक माल गळ्यात बांधणे नको, लेखी करार हवा, विचार बदलल्यास ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडण्याची मुभा हवी आणि विकण्याजोगा माल परत घेतला पाहिजे. हे कागद मागावेत. “आधी जॉइन व्हा, मग बोलू,” असे उत्तर आले की उठावे.

तिसरी चूक, हिशेब न ठेवणे. सेमिनारचे तिकीट, पुण्या-मुंबईचा प्रवास, मोबाईल, कपडे, स्वतःच विकत घेतलेला माल हे सारे एका वहीत डावीकडे लिहावे आणि हाती आलेला चेक उजवीकडे. वर आलेल्या माणसाच्या मोटारीचा फोटो हा हिशेब नव्हे. तीन महिने वही प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस सहसा चौथ्या महिन्यात तेथे राहत नाही.

चौथी चूक, कर्ज काढणे. सोने गहाण टाकून, सावकाराकडून किंवा बचत गटाच्या पैशातून ‘लेव्हल’ टिकवण्यासाठी माल उचलणे हा धंदा नव्हे, जुगार आहे.

पाचवी चूक सर्वांत गंभीर आहे. आपले गेलेले पैसे भरून काढण्यासाठी दुसऱ्याला आत ओढणे. १९७८ चा कायदा योजना चालवणाऱ्याप्रमाणेच सभासद नोंदवणाऱ्याला आणि तीत भाग घेणाऱ्यालाही लागू होतो. नवखा जेथे फसलेला असतो, तेथेच पहिला माणूस जोडताच तो फसवणुकीचा वाटेकरी होऊ लागतो. आपल्या साथीच्या बाबतीत मला हेच दुःख होते. त्याच्या आईच्या बांगड्या गेल्या त्या गेल्याच, पण शेजारच्या दोन घरांत तो आता जाऊ शकत नाही.

आणि सहावी चूक, लाजेपोटी गप्प बसणे. बाहेर पडणे म्हणजे पराभव, ही शिकवणूक मनातून काढून टाकली पाहिजे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे, पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा आहे. पावत्या, संदेश, बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि एकट्याने न जाता फसलेल्यांनी मिळून जावे. एकट्याची तक्रार टेबलावर पडून राहते, पन्नासांची तक्रार प्रकरण बनते, हे आपल्याला कामगार चळवळीने शिकवले आहे.

घरोघर जाऊन पापड, लोणची किंवा साड्या विकणाऱ्या बाईविषयी मी बोलत नाही, हे स्पष्ट करतो. ती माल विकते आणि कष्टाचे खाते. माझे भांडण जेथे माणूसच माल होतो त्या व्यवस्थेशी आहे.

शेवटी आपल्याविषयी. या मुलांना नुसते सावध करून भागणार नाही. ‘जाऊ नका’ असे सांगणाऱ्याने ‘मग कोठे जाऊ’ या प्रश्नाला उत्तर दिले पाहिजे. रिक्त सरकारी जागा भरण्याचा लढा, बुटीबोरी-हिंगण्याच्या वसाहतींतल्या कंत्राटी मुलांची संघटना, वस्तीतली पतपेढी आणि सहकारी दुकान ही आपली उत्तरे आहेत, आणि ती आपण अर्धवट सोडली आहेत. निदान दोन गोष्टी आजपासून करता येतील. पक्षाचा कोणताही कार्यकर्ता आपल्या संपर्काची यादी कोणत्याही साखळीला देणार नाही, असा ठराव प्रत्येक शाखेने करावा. आणि प्रत्येक शाखेत महिन्यातून एक संध्याकाळ अशी असावी की जिच्यात फसलेला माणूस टोमण्याच्या भीतीशिवाय वही घेऊन बसू शकेल.

आपला तो साथी मागच्या महिन्यात पुन्हा आला. टाय नव्हता. डबे घेऊन आला होता, परत कसे करायचे ते विचारायला. आम्ही दोघांनी बसून पावत्या लावल्या. उठताना तो म्हणाला, “काका, हा फळ्यावरचा हिशेब मला सुरुवातीला कोणी दाखवला असता तर...” त्याचे वाक्य अपुरेच राहिले. ते मी माझ्यापाशी ठेवून घेतले आहे, आणि आज तुमच्यापुढे ठेवतो आहे. तो हिशेब त्याला दाखवायला आपण गेलो नाही. आपल्या यादीतली पहिली चूक तीच आहे.