साधी सायकल



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. चौदा वर्षांचा मुलगा एकवीस गियरांची सायकल मागतो, आणि ती मिळाल्यावर सहा महिन्यांत मोटारसायकलीकडे पाहूं लागतो, असा हा काळ आहे. अशा काळांत एका पेन्शनर शाळामास्तरानें एकाच गियरच्या सायकलीविषयीं बोलावें, हें थोडेंसें विचित्रच. पण माझी सारी नोकरी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत झाली. १९८२ सालीं गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हां मी नुकताच मॅट्रिकच्या दाखल्यावर शिक्षक म्हणून लागलों होतों. पुढच्या छत्तीस वर्षांत घर, शाळा, केंद्र आणि आठवडी बाजार यांमधलें माझें बहुतेक येणेंजाणें सायकलीवरच झालें. तेव्हां या वाहनाविषयीं चार शब्द बोलण्यास हरकत नसावी.

प्रथम नांवाचा उलगडा करतों. पुढें एक दांतेरी चक्र, मागें एक दांतेरी चक्र आणि दोहोंमध्यें सरळ साखळी, अशा सायकलीस शहरांतील हौशी मंडळी 'सिंगल स्पीड' म्हणतात. आमच्या भागांत तिला असें कांहीं नांव नाहीं. ती नुसती 'सायकल'. दुसरी जी असते ती 'गेअरवाली'. विशेषण लागतें तें नव्या वस्तूस.

या यंत्राचें गणित फार सोपें आहे. माझ्या सायकलीच्या पुढच्या चक्रास ४४ दांते आहेत व मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडल एकदां पूर्ण फिरलें कीं मागचें चाक जवळजवळ अडीच वेळां फिरतें. चाक अठ्ठावीस इंची. टायरसह त्याचा घेर सव्वादोन मीटर. तेव्हां पायडलाच्या एका फेऱ्यांत सायकल साडेपांच मीटर पुढें जाते आणि एका किलोमीटरला सुमारें १८२ फेरे पडतात. हें गणित मी सातवीच्या मुलांकडून शाळेच्या अंगणांत करवून घेत असें. चुन्याची रेघ मारावयाची, पायडल एक फेरा फिरवावयाचें, दुसरी रेघ मारावयाची आणि दोरीनें अंतर मोजावयाचें. परीघ आणि व्यास यांचा संबंध ज्यांच्या डोक्यांत पुस्तकानें शिरला नाहीं, त्यांच्या डोक्यांत तो चाकानें शिरला. एकवीस गियरांच्या सायकलीवरही हा धडा देतां येईल. पण तो एकवीस वेळां द्यावा लागेल, आणि त्यांतल्या कित्येक जोड्यांचें उत्तर जवळजवळ सारखेंच निघेल!

इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यानें १८८५ सालीं 'रोव्हर' नांवाची सायकल काढली, तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारख्या आकाराचीं होतीं व मागचें चाक साखळीनें फिरत असे. १८८८ सालीं डनलॉपचा हवेचा टायर आला. शतक संपतां संपतां फ्रीव्हील आलें आणि उतारावर पाय स्थिर ठेवण्याची सोय झाली. एवढ्यानें आमची सायकल पुरी झाली. आपल्याकडे १९५१ मध्यें सोनीपतला ॲटलासचा आणि १९५६ मध्यें लुधियान्यास हीरोचा कारखाना निघाला. १९८६ सालीं जगांत सर्वांत अधिक सायकली तयार करणारा म्हणून हीरोची नोंद गिनेस बुकांत झाली. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना मात्र २०२० सालीं ३ जूनला बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता, हा योगायोग मला फार लागला.

गियर असावेत कीं नसावेत हा वादही जुनाच आहे. 'टूर द फ्रान्स' या प्रसिद्ध शर्यतीचा संस्थापक आंरी देग्रांझ हा गियरांचा कट्टर विरोधक होता. १९०२ सालीं फ्रान्समधील डोंगराळ रस्त्यावर एक चांचणी झाली. तींत तीन गियरांच्या सायकलीवरील एका स्त्रीनें एका गियरच्या सायकलीवरील नामांकित पुरुषास मागें टाकलें. यावर देग्रांझनें असें मत दिलें कीं, गियर हे पंचेचाळिशी उलटलेल्या माणसांसाठीं ठीक आहेत! त्याच्या शर्यतींत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रास १९३७ पर्यंत मज्जाव होता. या गृहस्थाच्या हिशेबानें मी गियर घ्यावयास पंधरा-वीस वर्षें उशीर केला आहे. पण चांचणीचा निकाल खरा होता, हें मान्य केलें पाहिजे. घाटांत गियर श्रेष्ठ. ज्याला रोज डोंगर चढावयाचा आहे त्यानें माझें ऐकूं नये.

आमचा प्रदेश मात्र निराळा आहे. वैनगंगेच्या दोन्ही तीरांस, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा, चामोर्शी या बाजूस, धानाच्या बांध्या पसरल्या आहेत. तेथें दहा-दहा किलोमीटर रस्त्यास चढ म्हणून लागत नाहीं. पूर्वेकडे कोरची, धानोरा, एटापल्ली, भामरागड या बाजूस टेकड्या आहेत आणि अरण्य आहे. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारें तीनचतुर्थांश भाग वनानें व्यापलेला आहे. तेथें चढ आला कीं सायकलस्वार सीटवरून उठून उभ्यानें पायडल मारतो. त्यानें भागलें नाहीं तर उतरतो, हॅन्डल धरून चालूं लागतो आणि बरोबरच्या माणसाशीं चार गोष्टी बोलतो. उतरून चालण्यांत आमच्याकडे कोणास कमीपणा वाटत नाहीं. गियर यंत्रांत नसले तरी ते माणसाच्या पायांत असतात, आणि तेथले गियर गंजत नाहींत.

खरी परीक्षा चढाची नसून चिखलाची आहे. पावसाळ्यांत पांदण रस्त्यावर लाल मुरुमाचा आणि काळ्या मातीचा जो काला होतो, तो मडगार्ड आणि टायर यांच्यामध्यें भरला म्हणजे चाक फिरत नाहीं. काडीनें तो काढावा, आणि पुढें चालावें. गेअरवालीचा गियर बदलणारा हात चाकाच्या खालच्या अंगास लोंबत असतो. तोडलेल्या बांबूचें एखादें खुंट, झुडपाची एखादी फांदी त्यांत अडकली कीं तो वांकतो, आणि तो सरळ करणारा माणूस चंद्रपूर किंवा गडचिरोली शहराच्या अलीकडे भेटणें कठीण. साध्या सायकलीची साखळी रुंद, जाड आणि एका रेषेंत चालणारी. ती फार तर उतरते; बोटें काळीं करून घेण्याची तयारी असेल तर मिनिटभरांत पुनः चढते. साखळी स्वच्छ असेल तर पायांच्या जोरापैकीं शेंकडा ९५ हून अधिक भाग चाकाला मिळतो. याहून अधिक इमानदार नोकर मीं पाहिला नाहीं.

पूल नसलेल्या ठिकाणीं डोंग्यांतून नदी उतरावी लागे, तेव्हां सायकल आडवी घालून आम्ही तिच्या बाजूला बसत असूं. नाला असेल तर ती खांद्यावर. वजन वीस किलोंच्या आसपास. म्हणजे दुसरीतल्या मुलाएवढें. महाशिवरात्रीस मार्कंड्याच्या जत्रेला जाणारीं कुटुंबें मीं पाहिलीं आहेत: दांडीवर लहानगा, कॅरियरवर बायको, तिच्या मांडीवर तान्हें आणि हॅन्डलला शिदोरीची पिशवी. मे महिन्यांत पारा शेहेचाळीस अंशांवर गेलेला असतांना तेंदूपानांचे भारे याच सायकलीवरून फळीवर येत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागांत जंगलांतून जातांना लोक विनाकारण घंटी वाजवितात, असें नवख्यास वाटतें. सायकलीला आवाज नाहीं, हा तिचा गुण तेथें दोष ठरतो. वाघास आपण येत आहों हें आधीं कळलेलें बरें.

वरोऱ्याच्या आनंदवनाचे बाबा आमटे यांनीं १९८५ च्या डिसेंबरांत कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली, तेव्हां शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवरून निघाले होते. बाबांना स्वतः पाठीच्या विकारामुळें बसतांही येत नसे. १९८८ सालीं इटानगरहून ओख्यास जाणारी दुसरी यात्रा निघाली. त्या दिवसांत आपल्या देशांत सायकल म्हणजे बहुधा हीच, एका गियरची. देशाची लांबी आणि रुंदी तिनें अशी दोनदां मोजली. आमच्या जिल्ह्याला त्या गोष्टीचा अभिमान वाटतो.

परंतु माझ्या मतें या सायकलीचें सर्वांत मोठें काम याहून लहान अंतराचें आहे. खेड्यांतील शाळा बहुधा सातवीपर्यंत. पुढची शाळा चार, पांच, सहा किलोमीटरांवरच्या मोठ्या गांवांत. मुलगा कसाही जातो. मुलगी जाईल कीं नाहीं हें त्या पांच किलोमीटरांवर ठरतें. बिहार सरकारनें २००६ सालीं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्यास आरंभ केला. त्याचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं केला आणि तो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेंत योग्य वयांत दाखल होणाऱ्या मुलींचें प्रमाण शेंकडा ३२ नें वाढलें व मुलगे आणि मुली यांच्यामधील अंतर शेंकडा ४० नें घटलें, असें त्यांना आढळलें. तीन किलोमीटरांहून दूर शाळा असलेल्या गांवांत हा गुण अधिक आला. आपल्या राज्यांतही मानव विकास कार्यक्रमाखालीं मागासलेल्या तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींसाठीं सायकली व निळ्या एस. टी. गाड्या आल्या. गाडीची वेळ चुकली कीं दिवस बुडतो. सायकलीची वेळ मुलीच्या हातांत असते.

धानोरा तालुक्यांतील माझ्या एका विद्यार्थिनीस अशी सायकल मिळाली. शाळा सहा किलोमीटर. जातांना अकराशें फेरे आणि येतांना अकराशें, हा हिशेब तिनेंच मला करून सांगितला. श्रावणांत एके दिवशीं बोरीचा कांटा लागला आणि ट्यूब गेली. पंक्चर काढणारा त्या सहा किलोमीटरांवरच्याच गांवीं. बाप रोवणीच्या कामावर, आई दुसऱ्याच्या बांधींत. सायकल पडवींत भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तिच्याबरोबर मुलगीही घरीं राहिली. दोन आठवड्यांनीं मीं चौकशी केली तेव्हां घरांत तिच्या शाळेची गोष्ट भूतकाळांत बोलली जात होती. एक कांटा, त्यापुढें आठवी, नववी, दहावी!

पूर्वीं प्रत्येक बाजाराच्या गांवीं पिंपळाखालीं एक सायकलवाला बसलेला असे. पाण्याची घमेली, पंप, पाने, छर्ऱ्यांची डबी. आतां तो मोटारसायकलींकडे वळला, कारण तेथें पैसा आहे. त्याला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. सायकल देतांना मात्र तिच्याबरोबर तिचें ज्ञानही द्यावयास हवें, आणि तें कोणी देत नाहीं. मीं त्या मुलीच्या पडवींत बसून तिच्याकडून ट्यूब काढविली, पाण्यांत धरून बुडबुडे पाहविले, कानशीनें जागा खरडविली आणि सुलोचन लावून ठिगळ बसविलें. सुलोचन हें आमच्याकडचें 'सोल्यूशन'चें नांव. इंग्रजी शब्द इतका सुंदर कचितच होतो. अर्ध्या तासाचें काम. दुसऱ्या दिवशीं ती शाळेस गेली. पुढच्या महिन्यांत तिच्या वर्गांतल्या तिघींच्या सायकली तिनें दुरुस्त केल्या, आणि कॉटर पिन कशी ठोकावी हें विचारावयास ती माझ्याकडे आली.

हें सारें शक्य होतें तें यंत्र साधें आहे म्हणून. त्यांत झांकलेलें कांहीं नाहीं. तेरा वर्षांच्या मुलीस तें उलगडतां येतें आणि पुनः जोडतां येतें. जपानांत १९४८ पासून 'केइरिन' नांवाच्या शर्यती एकाच गियरच्या सायकलींवर होतात, आणि श्रीमंत देशांत हौशी लोक मुद्दाम गियर काढून टाकतात, असें मी वाचतों. त्यांच्या आवडीविषयीं मला आदर आहे. आमच्याकडे आवडीनिवडीचा प्रश्न त्यानंतर येतो.

त्या मुलीच्या शाळेनें नंतर एक पत्र्याची पेटी ठेवली. तींत एक पंप, दोन पाने, टायर काढण्याच्या पट्ट्या, जुन्या ट्यूबचे तुकडे, कानस आणि सुलोचनच्या दोन नळ्या असतात. एवढी पेटी कोणत्याही शाळेस झेपेल. जून महिना जवळ आला आहे, म्हणून ज्यांच्या घरीं साधी सायकल आहे त्यांस एक सांगतों. डिझेलांत भिजविलेल्या चिंधीनें साखळी पुसावी, उन्हांत वाळवावी आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर सोडावा. जवसाचें तेल घालूं नये. तें वाळून चिकट होतें, आणि मग साखळी धुण्यास सबंध रविवार लागतो.