स्वस्त सर्व्हर आणि विश्वासाची मर्यादा

मुंबईसारख्या शहरांत बिऱ्हाड करावयाचें ठरलें म्हणजे आपल्यापैकीं प्रत्येक गृहस्थ किती चौकशी करतो ! चाळ कोणाची, पाणी किती वाजतां येतें, आणि जो मनुष्य भाडें मागत आहे तो खरा मालक आहे कीं स्वतःच कोणाचा तरी भाडेकरू आहे, हें कळल्यावांचून तो अनामत म्हणून एक पैही हातावर ठेवीत नाहीं. परंतु हाच सावध गृहस्थ दुकानाचें संकेतस्थळ, संस्थेचें दफ्तर किंवा घरच्या फोटोंचा संग्रह ठेवण्यासाठीं इंटरनेटवर जागा घेऊं लागला, कीं केवळ दराचा आंकडा पाहून पैसे भरून मोकळा होतो. 'वर्षाला फक्त १२ डॉलर', म्हणजे हजार-अकराशें रुपये, अशी जाहिरात दिसली कीं चौकशीची संवय कोठें जाते कोण जाणे. ह्या स्वस्त जागांवर किती आणि कसा विश्वास ठेवावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ही जागा म्हणजे काय तें पाहूं. डेटा सेंटर नांवाच्या मोठ्या इमारतींत शक्तिमान संगणक अहोरात्र चालू असतात. अशा एका संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्यानें अनेक भाग पाडतात, आणि प्रत्येक भाग जणूं स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणें वागतो. ह्यासच व्हर्च्युअल सर्व्हर म्हणतात. एका चाळीच्या अनेक खोल्या असाव्या, तसाच हा प्रकार. भिंती निराळ्या, पण नळ एक, जिना एक आणि छप्परही एकच.

आतां हें इतकें स्वस्त कसें परवडतें ? ह्याचीं कारणें सर्वस्वीं लबाडीचींच असतात असें नाहीं. सर्व भाडेकरू एकाच वेळीं नळावर येत नाहींत, हें जाणून विक्रेता असेल त्याहून अधिक मेमरी व प्रोसेसर विकतो. थोड्या प्रमाणांत हें चालतें. अति झालें म्हणजे कोणालाच पाणी मिळत नाहीं. ओपनव्हीझेड ह्या पद्धतींत सर्वांचें कर्नल एकच असतें, म्हणून ही अतिविक्री तेथें विशेष सोपी. केव्हीएम ही पद्धति २००७ पासून लिनक्सचाच भाग झालेली आहे; तींत प्रत्येकाचें कर्नल स्वतंत्र असतें व विक्रेत्याचा हात थोडा आंखडतो, पण बांधला जात नाहीं.

दुसरें कारण असें कीं, पुष्कळ विक्रेत्यांच्या मालकीचें एकही यंत्र नसतें. एक संगणक महिन्याच्या भाड्यानें घ्यावयाचा, हिशेबाचें तयार सॉफ्टवेअर बसवावयाचें, सुबकसें संकेतस्थळ उभारावयाचें, आणि पोटभाडेकरू जमवावयास लागावयाचें ! हें काम एकादा शाळकरी मुलगाही उन्हाळ्याच्या सुटींत करूं शकतो. सुटी संपली म्हणजे धंद्याचाही उत्साह संपतो.

तिसरा मुद्दा पत्त्याचा. प्रत्येक सर्व्हरला आयपी पत्ता लागतो. जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीचे पत्ते एकंदर सुमारें ४२९ कोटी. त्यांचा मध्यवर्ती सांठा फेब्रुवारी २०११ मध्येंच संपला. ॲमेझॉननें १ फेब्रुवारी २०२४ पासून अशा प्रत्येक सार्वजनिक पत्त्यामागें ताशीं अर्धा सेंट आकार लावला; वर्षाचे हे सुमारें ४४ डॉलर होतात. जेथें नुसत्या पत्त्याला एवढा आकार पडतो, तेथें पत्त्यासह सर्व्हर १२ डॉलरांत देणारा मनुष्य खर्च कोठें भागवीत असेल ? कदाचित् त्याच्यापाशीं जुने, स्वस्तांत घेतलेले पत्ते असतील. कदाचित् अनेकांना मिळून एकच पत्ता देत असेल. कदाचित् पुढच्या ग्राहकाच्या पैशांवर मागच्याचें भाडें भरीत असेल. पहिल्या दोहोंत वावगें कांहीं नाहीं. तिसऱ्याची मात्र धास्ती धरावी.

माझाच अनुभव सांगतों. एका लहान वाचनालयाची ग्रंथसूचि मीं अशाच स्वस्त सर्व्हरवर ठेवविली होती. तीन वर्षांचे पैसे एकदम भरल्यास दर निम्मा, म्हणून संस्थेस तसे भरावयासही मींच लाविलें. आठ महिने सर्व सुरळीत चाललें. मग एके दिवशीं सूचि दिसेनाशी झाली, पत्रांना उत्तरें येईनात, आणि पुढें विक्रेत्याचें संकेतस्थळही नाहींसें झालें. मी अत्यंत शरमिंदा होऊन ग्रंथपालबाईंकडे गेलों. त्या म्हणाल्या, "अहो, मी दर शनिवारीं सूचीची एक नक्कल घरीं नेत होतें. आमच्या जुन्या संवयी !" सूचि वांचली ती बाईंच्या त्या संवयीमुळें, माझ्या संगणकज्ञानामुळें नव्हे.

असे प्रसंग एकट्यादुकट्यावरच येतात असें नाहीं. शनिवार, ता. ७ डिसेंबर २०१९ रोजीं निदान वीस निरनिराळ्या नांवांच्या स्वस्त होस्टिंग विक्रेत्यांनीं आपापल्या ग्राहकांना कळविलें कीं, सोमवारीं सर्व्हर बंद होणार, तोंपर्यंत आपली माहिती उतरवून घ्या. पत्रांचा मजकूर एकाच सांच्यांतला होता, त्यावरून ह्या वीस पाट्यांमागें हात एकच असावा असें दिसलें. धोका वांटावा म्हणून ज्यांनीं दोन नांवांकडे दोन सर्व्हर घेतले असतील, त्यांची सावधगिरीही अशा वेळीं व्यर्थच !

तेव्हां पैसे देण्यापूर्वीं काय पाहावें ? संकेतस्थळाच्या नांवाची नोंदणी केव्हां झाली हें कोणासही पाहतां येतें. 'दहा वर्षांचा अनुभव' सांगणाऱ्याचें नांव चार महिन्यांपूर्वीं नोंदलेलें असेल, तर त्याचें उत्तर त्यानें द्यावें. कंपनी म्हणवीत असेल तर ती ज्या देशांत आहे तेथील सरकारी नोंदवहींत शोधावी. ब्रिटनची कंपनी-नोंदणी तर फुकट पाहावयास मिळते. आयपी पत्ता कोणाच्या नांवें आहे हें प्रादेशिक नोंदणी-संस्थांकडून कळतें. आशियाची अशी संस्था म्हणजे ॲपनिक. त्यावरून आपला विक्रेता कोणाचा पोटभाडेकरू, ह्याचा बहुधा सुगावा लागतो. पैसे परत मिळण्याच्या अटी वाचाव्या. आणि विकत घेण्यापूर्वीं एक साधा प्रश्न लिहून पाठवावा. उत्तर किती वेळानें व कोणत्या भाषेंत येतें तें पाहावें. गिऱ्हाईक होण्यापूर्वीं जो बोलत नाहीं, तो नंतर बोलेल ही आशा फोल होय.

शितावरून भाताची परीक्षा करावी, म्हणून आरंभीं एका महिन्याचेच पैसे भरावे, तेही ज्याबद्दल बँकेकडे तक्रार करतां येईल अशा कार्डानें. त्या महिन्यांत सर्व्हर रात्रीं व दुपारीं तपासावा. लिनक्समधील 'टॉप' ही आज्ञा चालविली असतां 'एसटी' ह्या अक्षरांपाशीं एक आंकडा दिसतो. आपलें काम तयार असूनही मुख्य यंत्रानें त्याला किती वेळ तिष्ठत ठेवलें, त्याचें तें शेंकडा प्रमाण. तो आंकडा सदैव चढाच राहिला, तर चाळींत माणसें फार झालीं असें समजावें.

ह्यावर कोणी म्हणेल, मग महाग विक्रेता घ्यावा म्हणजे झालें. श्रोतेहो, तेंही पुरें नाहीं. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथें ओव्हीएच ह्या युरोपांतील बड्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक सबंध इमारत भस्मसात् झाली. ज्यांनीं माहितीची दुसरी नक्कल अन्यत्र ठेविली होती त्यांचें काम कांहीं दिवसांत मार्गीं लागलें. ज्यांची नक्कलही तेथेंच होती, त्यांचें मूळ व नक्कल दोन्ही गेलीं. मोठ्या नांवाची कंपनी रातोरात पळून जात नाहीं, हा फरक खराच. परंतु अग्नि नांव विचारीत नाहीं.

म्हणून स्वस्त सर्व्हर घेऊंच नये असें मी म्हणत नाहीं. शिकण्यासाठीं, प्रयोगासाठीं, किंवा चार दिवस बंद पडलें तरी चालेल अशा कामासाठीं तो अवश्य घ्यावा. विद्यार्थ्यांना तर ती मोठीच सोय आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा : 'हा मनुष्य उद्यां सकाळीं नाहींसा झाला तर माझें काय जाईल ?' उत्तर 'हजार रुपये' असें असेल, तर खुशाल घ्यावा. उत्तर 'आईचे फोटो' किंवा 'संस्थेचें दफ्तर' असें असेल, तर त्याची एक नक्कल आधीं आपल्या घरीं ठेवावी, ती उघडते कीं नाहीं हें एकदां पाहावें, आणि मगच दराकडे वळावें. आमच्या ग्रंथपालबाई आजही दर शनिवारीं नक्कल घरीं नेतात.