पट किती, हजर किती?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



"तू नक्की काय काम करतोस?" असं केबिन रोडवर भेटणारा प्रत्येक जण मला विचारतो आणि उत्तर अर्धवट ऐकून लोकल पकडायला पळतो. आज तुम्ही सगळे खुर्चीत बसलेले आहात, तेव्हा सांगूनच टाकतो.

मोठ्या कार्यालयात कोण कोणत्या विभागात आहे, कोणाला संगणकावर काय उघडायची परवानगी आहे, याची एक मध्यवर्ती नोंदवही असते. तिला डिरेक्टरी म्हणतात. तिच्याशी बोलायची पद्धत म्हणजे एलडॅप. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात ती तयार झाली. या नोंदवहीला प्रश्न विचारणारे प्रोग्राम मी लिहितो.

प्रश्न विचारण्याआधी शोधाचे नियम ठरवावे लागतात. त्यासाठी 'एलडॅप सेट ऑप्शन' नावाचं फंक्शन आहे. कोणती जोडणी, कोणता पर्याय आणि त्याचं मूल्य, एवढं त्याला द्यायचं. 'साइज लिमिट' म्हणजे जास्तीत जास्त किती नावं हवीत, 'टाइम लिमिट' म्हणजे सर्व्हरने किती सेकंद शोधायचं. शून्य दिलं, तर आपल्या बाजूने मर्यादा नाही.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी असंच शून्य देऊन निश्चिंत झालो. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीची स्वतःची मर्यादा असते, एका उत्तरात १००० नोंदी. तिच्यापुढे माझ्या शून्याला किंमत नव्हती. तिने हजार नावं दिली आणि सोबत ४ हा संकेतांकही दिला. त्याचा अर्थ, 'मर्यादा ओलांडली, यादी अपुरी आहे.' मी तो तपासलाच नाही. यादीत नसलेल्यांची खाती बंद करणं हे माझ्या प्रोग्रामचं काम होतं. सोमवारी सकाळी शेकडो माणसं आपापल्या संगणकासमोर हात बांधून बसली होती. चूक सर्वस्वी माझी होती. नंतर मी पानापानाने यादी मागवायला शिकलो आणि संकेतांक वाचायलाही.

त्या दिवशी मला आपल्या वर्गातला फळा आठवला. कोपऱ्यात रोज लिहिलेलं असायचं, पट ५२, हजर ४७. बाई नुसती हजेरी घेऊन थांबत नसत, ती पटाशी ताडून बघत. मी हजर मोजले होते, पट विचारलाच नव्हता.

या मेळाव्याची यादी करायला बसलो तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ४१ जण होते. "झाले की सगळे," असं कोणीतरी म्हणालं. मी म्हटलं, "पट ५२ होता. अकरा जण कुठे आहेत?"

शोधताना माझेच पर्याय कामी आले. मुलींची आडनावं लग्नानंतर बदललेली. डिरेक्टरीतही काही नोंदी अशा असतात, की त्या फक्त खऱ्या नोंदीकडे बोट दाखवतात. त्यांना अलियास म्हणतात. त्या बोटामागे जायचं की नाही, हे 'डिरेफ' हा पर्याय ठरवतो. आम्ही गेलो आणि चार मैत्रिणी सापडल्या. एका मित्राचं जुनं घर विकलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ते नालासोपाऱ्याला गेले, तिथे त्याच्या मामांना विचारा." याला आमच्याकडे रेफरल म्हणतात: माझ्याकडे नाही, पलीकडच्या सर्व्हरला विचार. तिथेही जायचं की नाही, हे आपणच आधी ठरवायचं असतं. असे आणखी तिघे मिळाले. ते सातही जण आज इथे बसलेत.

अजून चार जण सापडलेले नाहीत. काहीच उत्तर आलं नाही, तर माणूस पुन्हा विचारतो. अपुरी यादी मात्र पुरी वाटते, म्हणून तिथेच शोध थांबतो. आपण थांबू नये, एवढंच मला सांगायचं आहे.

दाराजवळच्या टेबलावर त्या चौघांची नावं लिहून ठेवली आहेत. जाताना वाचा. पत्ता माहीत नसला तरी चालेल, कोणाला विचारायचं तेवढं लिहून जा. पुढच्या मेळाव्यात फळ्यावर पट ५२, हजर ५२ लिहायचं आहे.