कैद्याला कळेल अशी भाषा

वकील, अर्ज, कैद, हुकूम हे कचेरीतले शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीत असे मुरले, की आज ते कुणालाच परके वाटत नाहीत. ‘हेबियस कॉर्पस’ मात्र अजून परकाच राहिला आहे. मूळ शब्द लॅटिन; अर्थ साधारण असा, की माणसाला देहानिशी हजर करा. मराठीत याला ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ म्हणतात. आमचं माणूस कोणत्या अधिकाराने कोंडलं आहे, असा जाब न्यायालयामार्फत सरकारला विचारण्याचा हा हक्क.

श्रोतेहो, नाव जड असलं तरी वाट तेवढी बिकट नाही. राज्यघटनेच्या २२६व्या कलमाखाली उच्च न्यायालयात किंवा ३२व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. अर्ज बंदिवानाने स्वतः करावा, नाहीतर त्याच्या वतीने आईने, बायकोने, मित्राने. माणूस कुणाच्या ताब्यात आहे, केव्हापासून, कोणत्या हुकमाने, आणि तो बेकायदा का वाटतो, हे त्यात हवं. हुकमाची प्रत असल्यास जोडावी, सोबत प्रतिज्ञापत्र द्यावं.

पण कागद अपुरे म्हणून माणूस आत खितपत राहू नये, हेही न्यायालयाने पाहिलं आहे. तिहार तुरुंगातल्या एका बंदिवानाने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने तेच अर्ज मानून १९७९ साली निकाल दिला. इच्छुदेवी चोरडिया खटल्यात १९८० साली न्यायालयाने म्हटलं, की तुरुंगातून आलेलं पोस्टकार्डही पुरतं. स्थानबद्धता कायदेशीर आहे हे सरकारने सिद्ध करायचं.

याला मर्यादा आहेत. न्यायालयाच्या वैध आदेशाने कोठडी मिळाली असेल, तर सहसा जामिनाची वाट धरावी लागते. शिक्षा झाली असेल, तर अपिलाची.

माझ्यासारख्या शब्दांत रमणाऱ्याला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा १९६२चा निकाल. नागपूरच्या या स्थानबद्धाला अटकेची कारणं इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने हिंदी प्रत मागितली, ती नाकारली गेली. घटनेचं २२वं कलम सांगतं, की स्थानबद्धाला कारणं कळवावीत आणि त्याला आपलं म्हणणं मांडू द्यावं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, माणसाला समजतं त्या भाषेत सांगितलं नाही, तर ते कळवणंच नव्हे. कुणीतरी तोंडी समजावलं, एवढ्याने भागत नाही. हरिकिसन सुटला. आरोपच कळला नाही, तर त्याला उत्तर कसलं देणार?

हा दरवाजा एकदा बंदही झाला होता. आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने असे अर्ज चालणारच नाहीत असं ठरवलं. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. तो निकाल चुकीचा होता, असं त्याच न्यायालयाने म्हणायला २०१७ साल उजाडलं.

कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७च्या विधी सेवा कायद्याने दिला आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. पूर्वी गावातला शिकलेला माणूस इतरांची पत्रं लिहून देई. शेजारच्या घरातलं कुणी आत असेल आणि त्या माऊलीला लिहिता येत नसेल, तर हा अर्ज आपण लिहून द्यावा.