हार न घातलेला फोटो

(संस्थेच्या सभागृहात विजय दिवसानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस असल्याने वेळ आणि हिशोब दोन्ही पाळीन.

विमान ही आपल्या निफाडकरांना नवलाईची गोष्ट नाही. ओझरचा एच.ए.एल.चा कारखाना आपल्याच तालुक्यात. १९६४ मध्ये तो स्थापन झाला, तिथे मिग झाली, आता सुखोई होतात. आवाज आला तरी आपण मान वर करत नाही. पण ४ जून २०२४ ला शिरसगावच्या शिवारात सुखोई कोसळलं तेव्हा सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "पायलट वाचले का?" दोघेही वाचले. तासाभरात उत्तर मिळालं आणि आपण जेवायला बसलो.

आज मी अशा एका घराबद्दल बोलणार आहे, जिथे हाच प्रश्न पन्नास वर्षांहून जास्त काळ विचारला जातोय.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. आपल्या मराठी आडनावाचा तरुण. हवाई दलाच्या ३२ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ चालवायचा. हे एका माणसाचं, एका इंजिनाचं विमान. ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करायला गेला, तो परत आला नाही. पत्नी दमयंतीताई बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं.

त्याच सुमारास 'पाकिस्तान ऑब्झर्व्हर' या तिकडच्या वर्तमानपत्रात पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी आली. त्यात तांबे हे नाव होतं, थोडं चुकीच्या स्पेलिंगने. म्हणजे आशेला कागदाचा आधार मिळाला.

युद्ध १६ डिसेंबरला संपलं. ९३ हजार युद्धकैदी आपल्या ताब्यात होते. पुढे सिमला करार झाला, ते सगळे परत गेले. आपलेही कैदी आले. त्यात तांबे नव्हते. असे ५४ जण आले नाहीत. १९७९ मध्ये सरकारने लोकसभेत पाकिस्तानच्या तुरुंगात असल्याचं मानलेल्या ४० जणांची यादी दिली. २००७ मध्ये १४ नातेवाईक तिथले तुरुंग पाहून आले, दमयंतीताईही त्यात होत्या. कोणी सापडलं नाही. आमच्याकडे कोणी नाही, हेच पाकिस्तानचं म्हणणं.

आता बँकेतलं सांगतो. माणूस बेपत्ता झाला आणि सात वर्षं त्याचा ठावठिकाणा लागला नाही, तर कायदा तो मयत असल्याचं गृहीत धरतो. मग कोर्टाचा कागद आणायचा, वारसाने क्लेम करायचा, खातं बंद. अशी दोन-तीन प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली. एका माउलीने सही केली आणि म्हणाली, "साहेब, हे पैशापुरतं. कुंकू मी पुसणार नाही." मी व्हाउचर पास केलं. तिला काय उत्तर द्यायचं ते कुठल्या सर्क्युलरमध्ये नव्हतं.

दमयंतीताईंनी दुसरं लग्न केलं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली आणि मंत्री, अधिकारी, कोर्टं यांची दारं ठोठावत राहिल्या. मला त्यांचं कौतुक वाटतं ते वाट पाहिली म्हणून नाही. पुरावा दाखवा, नुसती समजूत घालू नका, हे त्या सतत म्हणत राहिल्या म्हणून. माणूस गेला असेल तर तसं सांगा, असेल तर आणा. एवढंच मागणं. ते पुरं करणं हे देशाचं देणं आहे. आणि देणं जुनं झालं म्हणून फिटत नाही, हे मी चाळीस वर्षं कर्जखाती सांभाळून सांगतो.

रौप्यमहोत्सवात सभागृहात वीरांचे फोटो लावायचं ठरलं आहे, ते चांगलंच आहे. माझी एकच सूचना. तांबे यांचा फोटो लावाल तर त्याला हार घालू नका. आपल्यात हार गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात. त्यांच्या घरच्यांनी जे मान्य केलं नाही, ते आपण खिळा ठोकून मान्य करायचं नाही. खाली नाव, हुद्दा आणि '५ डिसेंबर १९७१ पासून बेपत्ता' एवढंच लिहा.

मुलं विचारतील, "आजोबा, याच फोटोला हार का नाही?" तेव्हा घाईत असलात तरी थांबा आणि त्यांना हे सगळं सांगा. पंचवीस वर्षांनी संस्थेचा सुवर्णमहोत्सव होईल. तेव्हा आम्ही नसू. सांगायला ही मुलं असतील.

दहा मिनिटं झाली.